केसरीबात खाताना रडलेला माणूस

उपेंद्र सबनीसच्या मते माणसाच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी दुसऱ्याला कळण्याची काही गरज नसते, आणि ज्या थोड्या कळायला हव्यात त्यांच्यासाठी इमारतीच्या जिन्याखाली फळा आहे. या तत्त्वावर त्याने उभं आयुष्य काढलं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या नावापुढे फोटो नव्हता, नुसतं करड्या रंगाचं डोकं होतं, आणि ते आपल्याला बऱ्यापैकी शोभतं असं त्याला वाटे. कुरिअरचं खोकं टाकायचं झालं तर त्यावरचा नाव-पत्ता तो आधी पाण्याने भिजवी, मग नखाने खरवडी, आणि मग खोक्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या डब्यांत टाकी. दुकानदाराने बिलासाठी मोबाईल नंबर मागितला तर "मोबाईल नाही," असं तो हातातला मोबाईल न लपवता सांगे.

अशा माणसाला ताराच मिळायची होती. तारा रोज सकाळी फोनवर स्टेटस टाकत असे. भाजी, रांगोळी, गच्चीवरची कोरफड, तिला फुटलेलं पिल्लू, चष्म्याची नवी काडी. सबनीसांकडे आज काय शिजलंय हे उपेंद्रला ताटावर बसल्यावर कळे, पण म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या निम्म्या बायकांना ते सकाळीच ठाऊक असे. खालच्या मजल्यावरचे नरसिंहमूर्ती तर त्याला जिन्यात गाठून "एनु सार, आज पडवळ अल्वा?" म्हणजे आज पडवळ ना, असं विचारत, आणि उपेंद्रला आपल्या पोटात कोणीतरी डोकावून गेल्यासारखं वाटे.

वीसेक वर्षांपूर्वी सबनीस मंडळी नोकरीसाठी कराडहून म्हैसूरला आली आणि इथलीच झाली. उपेंद्र हूटगळ्ळीच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागात होता. पंपातून कुठे गळतं ते शोधायचं आणि ती गळती बंद करायची, हे त्याचं काम. तेव्हा पुढे जे झालं ते निदान त्याच्या बाबतीत तरी व्हायला नको होतं.

झालं ते असं. एका शनिवारी मिक्सर दुरुस्तीला टाकायला म्हणून तो शहराच्या अग्रहार भागात गेला. मिक्सर देऊन झाल्यावर तिथल्या एका जुन्या हॉटेलात शिरला. त्याची साखर काठावर होती आणि ताराची करडी नजर तिच्यावर होती, म्हणून त्याने शहाण्यासारखी इडली मागवली. तेवढ्यात पुण्याहून मुलीचा, ऋचाचा, फोन आला.

"बाबा, एकटे आहात?"

"हॉटेलात आहे. म्हणजे एकटाच."

"ऐका. गोड बातमी आहे. डॉक्टर म्हणाल्या सगळं नीट आहे. पण फक्त तुम्हाला सांगतेय. तीन महिने पुरे होईपर्यंत कोणाला नाही. आईला तर अजिबात नाही. शपथ घ्या."

उपेंद्रने इडलीवर हात ठेवून शपथ घेतली.

आईला अजिबात नाही, याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी ऋचाने हीच बातमी आईबाबांना एकदम दिली होती, आणि आनंदाच्या भरात ताराने पाव तासाच्या आत स्टेटसवर इवलेसे मोजे आणि जोडलेले हात टाकले होते. म्हैसूरच्या मराठी मंडळाने अभिनंदनाचा पाऊस पाडला. बन्नूरहून कोणीतरी गुळाची ढेप पाठवली. आणि पुढे ते टिकलं नाही. स्टेटस एका दिवसात आपोआप पुसलं जातं, पण लोकांना कळलेलं पुसलं जात नाही. पुढचे कित्येक महिने कोणीतरी प्रेमाने ऋचाला विचारी, "मग, बाळ कसं आहे?" आणि त्या पोरीला प्रत्येकाला नव्याने सांगावं लागे. तारा त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. तिची स्टेटसंही त्यानंतर भाज्यांच्या पुढे फारशी गेली नाहीत. हे उपेंद्रच्या ध्यानात यायला हवं होतं, पण घरातल्या माणसाकडे गुणवत्ता विभागाच्या नजरेने कोण बघतं!

फोन ठेवल्यावर उपेंद्रला काय झालं कोण जाणे, त्याने इडली बाजूला सारली आणि केसरीबात मागवला. केसरीबात म्हणजे आपल्या शिऱ्याचा म्हैसुरी भाऊ, रंगाने केशरी आणि तुपाच्या बाबतीत जास्त दिलदार. पहिला चमचा तोंडात गेला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तो खात होता आणि रडत होता, रडत होता आणि खात होता. हॉटेलात त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. माणसाने मन मोकळं करावं ते अशाच जागी, असा विचार करून त्याने आणखी एक प्लेट मागवली.

पलीकडच्या टेबलावर एक मुलगी डोशावरचं लोणी वितळताना त्याचं चित्रीकरण करत होती. तिच्याकडे उपेंद्रचं लक्ष नव्हतं. तिचं मात्र डोशावरून हळूहळू त्याच्याकडे गेलं होतं.

सोमवारी कंपनीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला रोजच्यासारखा कडक सलाम न ठोकता हळुवार आवाजात विचारलं, "ऊटा आयता सार?" जेवण झालं का, हे सकाळी नऊला. लिफ्टमध्ये हिशेब खात्याच्या बाई त्याच्याकडे पाहून डोळे टिपत होत्या. मनुष्यबळ खात्याच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मिस्टर सबनीस, कंपनी एक कुटुंब आहे." कंपनी हे वाक्य सहसा माणूस काढून टाकण्याआधी बोलते.

"माझं काही चुकलं का?"

"छे छे. तुमच्या डोळ्यांत पाणी का, एवढंच कंपनीला समजून घ्यायचंय."

"माझ्या डोळ्यांत पाणी नाही," उपेंद्र म्हणाला. साहेबांनी 'समजतं आम्हाला' अशी मान हलवली आणि त्याला समुपदेशन करणाऱ्या बाईंचं कार्ड दिलं.

उलगडा संध्याकाळी नरसिंहमूर्तींनी केला. ते जिन्यातच फोन घेऊन उभे होते. "सार, नोडी," म्हणत त्यांनी पडदा पुढे धरला. पडद्यावर आधी डोसा, मग लोणी, मग धूसर झालेला डोसा, आणि त्यामागे अगदी स्पष्ट, अगदी जवळून, उपेंद्र सबनीस. गालांवर धारा, मिशीला रवा. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की म्हैसूरचा केसरीबात इतका सुंदर असतो की अंकल रडले. मागे कोणीतरी अंतःकरण पिळवटून टाकणारं व्हायोलिन वाजवत होतं. बघणाऱ्यांचा आकडा लाखांत होता.

"हे तुम्हीच अल्वा?"

"मिरची लागली होती," उपेंद्र म्हणाला.

नरसिंहमूर्ती कृष्णराजसागराच्या पाण्यावर वाढलेले म्हैसूरकर. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग उपेंद्रकडे पाहिलं. "केसरीबातात?" ते म्हणाले.

वर तारा दारातच उभी होती. म्हणजे तिनेही पाहिलं होतं. आता ती विचारणार, का रडलात. आपण शपथेला बांधलेले. आणि तिच्याशी खोटं बोलणं काही जमायचं नाही. ताराने त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं.

"केसरीबात?" ती म्हणाली.

"अं... हो."

"दोन प्लेट?"

"दुसरी अर्धी टाकली."

"हं," म्हणून ती आत गेली आणि कुकर लावला. उपेंद्रचा जीव भांड्यात पडला. हिला फक्त साखरेचीच काळजी पडली होती!

पण जीव भांड्यात फार वेळ राहिला नाही. दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाचे अध्यक्ष शंभूराव सपत्नीक आले. शंभूरावांच्या घराण्याच्या कैक पिढ्या म्हैसुरात गेल्या. त्यांचं मराठी प्रेमळ, पण मध्येच कन्नडात उतरून पलीकडून चढणारं. बरोबर त्यांच्या पत्नी सुष्मावहिनी, आणि एक शहाळं.

"उपेंद्रराव, तुमी आमास काय सांगू नका," शंभूराव बसता बसता म्हणाले. "सुम्ने, उगाच मनात ठेवू नका मात्र. नोकरी गेली काय?"

"नाही हो."

"मग दुखणं? परवागिल्ला, हरकत नाही, आमचे मेव्हणे हुणसुरास एक वैद्य ओळखतात."

"दुखणं नाही. आई आठवली, म्हणून…" उपेंद्रच्या तोंडून निघून गेलं.

"अय्यो पापा," सुष्मावहिनी कळवळल्या. "पण तुमच्या आई आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवास गेल्या महिन्यात आल्या होत्या की!"

आल्या होत्या. कराडहून आल्या होत्या, ठणठणीत होत्या आणि उखाणाही घेतला होता. उपेंद्रने शहाळ्याला तोंड लावलं, म्हणजे बोलावं लागणार नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. खोटं बोलणं ही कला आहे आणि तिला सराव लागतो. ज्याने आयुष्यभर कोणाला काही सांगितलंच नाही, त्याला खोटं सांगण्याचाही सराव नसतो. उपेंद्रने मूर्तींना मिरची सांगितली, शंभूरावांना आई सांगितली, आणि ऑफिसात डोळे आले होते म्हणून सांगितलं. ही तिन्ही कारणं आठवड्याच्या आत एकमेकांना इमारतीच्या पार्किंगमध्ये भेटली. तिघांनी मिळून निष्कर्ष काढला की सबनीस काहीतरी भयंकर लपवतो आहे.

तो रील काढून टाकायचा, एवढंच आता उपेंद्रचं ध्येय उरलं. गळती सापडली होती, बंद करणं बाकी होतं.

"सोपं आहे," शंभूराव म्हणाले. "खूप लोकांनी रिपोर्ट मारलं की ते कंपनीवाले काढतात. मी बघतो." आणि त्यांनी उपेंद्रने नको म्हणण्याआधीच मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: 'आपले सबनीससाहेब हॉटेलात रडले त्याचं व्हिडिओ आलं आहे. सर्वांनी पूर्ण बघून रिपोर्ट मारणे. आपल्या ओळखीच्यांसही बघावयास सांगणे. खाली लिंक आहे.' मंडळाचे सभासद शिस्तीचे. त्यांनी पूर्ण बघितलं, ओळखीच्यांना बघायला लावलं, आणि रिपोर्ट कसा मारतात हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे सगळ्यांनी त्याखाली रडक्या तोंडाची चित्रं टाकली. ज्यांना हा रील कधीच दिसला नसता अशी बन्नूर, हुणसूर, कराड आणि फ्लोरिडा इथली माणसं त्या रात्री उपेंद्रसाठी हळहळली. कराडहून त्याच्या आईचा फोन आला. "अरे, मी जिवंत आहे," ती म्हणाली.

मग नरसिंहमूर्तींनी सरकारी मार्ग सुचवला. ते स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्या मार्गावर त्यांची श्रद्धा होती. ऑनलाइन भानगडींच्या तक्रारी जिथे घेतात अशा एका ऑफिसात ते उपेंद्रला घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी तक्रार ऐकली, रील मागितला, तो पाहिला, मग शेजारच्या टेबलाला दाखवला. शेजारच्याने पलीकडच्याला दाखवला. पाच मिनिटांत अख्खं ऑफिस एका फोनभोवती गोळा झालं आणि व्हायोलिन पुन्हा पुन्हा वाजू लागलं.

"यात अश्लील काही नाही," साहेब म्हणाले.

"नाही."

"तुमच्याकडून कोणी काही उकळलं?"

"नाही."

"मग तुमचं नुकसान काय झालं?"

नुकसान तर झालं होतं. ते पंपाच्या गळतीसारखं बोट ठेवून दाखवता येत नव्हतं, इतकंच. "मी रडत होतो," तो म्हणाला, "आणि ते माझं होतं."

साहेबांनी हे वाक्य लिहून घ्यावं की नाही याचा विचार केला आणि घेतलं नाही. "बरं. आधी हा इसम तुम्हीच, हे ठरू दे." त्यांनी आधार कार्ड फोनशेजारी धरलं. मग उपेंद्रचा चेहरा धरला, म्हणजे उपेंद्रला फोनजवळ यायला सांगितलं. "जुळत नाही. रडताना माणूस वेगळा दिसतो. जरा रडून दाखवता?"

उपेंद्र सबनीस, गुणवत्ता विभागाचे प्रमुख, सरकारी खुर्चीवर बसून रडण्याचा प्रयत्न करू लागले. येईना. नरसिंहमूर्ती बाजूने "काहीतरी वाईट आठवा सार," असं उत्तेजन देत होते. पण उपेंद्र त्या दिवशी काही वाईट आठवून रडलाच नव्हता, आणि चांगलं आठवावं तर ते या टेबलासमोर आठवणं त्याला बरं वाटेना. शेवटी साहेबांनी अर्ज उलटा करून पुढे सरकवला. "इथे कारण लिहा. का रडत होता ते. त्याशिवाय फाईल पुढे जात नाही."

उपेंद्र उठला. "मग नाही गेली तरी चालेल," तो म्हणाला. बाहेर पडताना एका शिपायाने त्याच्याबरोबर सेल्फी काढून घेतली.

आता राहिली ती मुलगी. तिला शोधायला तो पुन्हा अग्रहारातल्या त्या हॉटेलात गेला, तर दारात हा मोठा फलक. वर कन्नडमध्ये 'हाच तो केसरीबात' आणि खाली उपेंद्रचा रडका चेहरा, मिशीवरच्या रव्यासकट. मालक गल्ल्यावरून धावत आले, त्याला मिठी मारली आणि लोकांना ओरडून सांगितलं की हेच ते. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता सकाळी दहाच्या आत केसरीबात संपतो, म्हणून मालकांनी सांगितलं. शनिवारी येऊन पुन्हा थोडं रडाल का, असंही विचारलं. उपेंद्रने मुलीचा पत्ता मागितला. तो त्यांनी दिला नाही, पण मुलीलाच फोन लावून बोलावून घेतलं.

तिचं नाव वर्षिणी. कॉलेजात शिकणारी, सालस, चष्मा लावणारी मुलगी निघाली. उपेंद्रने भांडणाची जी वाक्यं रिक्षात पाठ केली होती ती तिला पाहून वायाच गेली.

"सॉरी अंकल," ती म्हणाली. "मला ते इतकं छान वाटलं. हल्ली कोणी जेवताना जेवत नाही, सगळे फोन बघतात. तुम्ही खरंच खात होता. आणि खरंच रडत होता."

"पण मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही थांबला असता ना."

हे बरोबर होतं, आणि त्यामुळेच उपेंद्रला त्याचा राग आला. पण मुलीने त्याच्यादेखत रील काढून टाकला. उपेंद्रने सुटकेचा निःश्वास सोडला, तिला कॉफी पाजली आणि बसने घरी आला. बसमध्ये कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. कुवेंपुनगर येईपर्यंत तो पुन्हा करड्या डोक्याचा, कोणालाच ठाऊक नसलेला सुखी माणूस होता.

संध्याकाळी वर्षिणीने नवा रील टाकला. त्यात ती स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून हात जोडून सांगत होती की केसरीबातवाल्या अंकलनी विनंती केल्यामुळे तिने तो व्हिडिओ काढला आहे, माणसाच्या खासगी आयुष्याचा आपण सर्वांनी मान राखला पाहिजे, आणि अंकल, तुम्हाला जे काही दुःख असेल त्यात आम्ही तुमच्याबरोबर आहोत. शेवटी तिचाही आवाज भरून आला. हा रील पहिल्याच्या दुपटीने पाहिला गेला. अंकलना काय दुःख असावं, याची खाली शेकडो लोकांनी चर्चा केली. पहिला रील कोणीकोणी जपून ठेवला होताच; तो चर्चेच्या सोयीसाठी पुन्हा टाकण्यात आला.

याच सुमारास एक नवीनच घोळ सुरू झाला. नरसिंहमूर्तींनी एका सकाळी डोळ्यांत घालायचे थेंब आणून दिले. "नळीचं काम आहे म्हणे. टेन्शन माडकोबेडी, घेऊ नका टेन्शन, माझ्या साडूला होतं." ऑफिसातल्या हिशेबाच्या बाईंनी गुलाबपाण्याची बाटली दिली. मनुष्यबळाच्या साहेबांनी समुपदेशनाचं कार्ड परत मागून घेतलं आणि नेत्रतज्ज्ञाचं दिलं. उपेंद्रच्या अश्रूंची नळी बिघडली आहे, त्यामुळे त्याच्या डोळ्यांतून केव्हाही, कारण नसताना पाणी येतं, ही बातमी कुठून उठली ते त्याला कळेना. आपण तिघांना तीन कारणं सांगितली होती. हे चौथं कोणाचं? आरशासमोर उभं राहून तो डोळे ताणून पाहू लागला. खरंच की काय! दोन-तीनदा पाणीही आलं.

मंडळाच्या कोजागरीला तर त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. मसाला दूध वाटता वाटता सुष्मावहिनींनी ताराला कोपऱ्यात घेतलं, तरी तो ऐकण्याइतका जवळ होता. "तारा, खरं सांग. लेकीकडचं काय आहे काय? बापाच्या डोळ्यात असं पाणी लेकीपायीच येतं, हं."

एवढा मोठा शोध लागला होता, आणि तो लावणारी बाई मंडळाच्या ग्रुपची दुसरी अ‍ॅडमिन होती. ऋचाला आणखी तीन आठवडे काढायचे होते.

"छे हो वहिनी," तारा अगदी सहज म्हणाली. "नळी आहे ती. थेंब चालू आहेत. परवा तर यांना जाहिरात बघताना आलं पाणी. सिमेंटची जाहिरात."

मंडळी हसली. विषय सिमेंटवर गेला. उपेंद्रही हसला, पण घरी येताना स्कूटरवर ताराच्या मागे बसून त्याला एकदम एकटं वाटू लागलं. म्हणजे हिने डॉक्टरला न दाखवता नळीवर विश्वास ठेवला? आपला नवरा भर हॉटेलात लहान मुलासारखा रडला. पहारेकऱ्याने विचारलं, शंभूरावांनी विचारलं, सरकारने विचारलं, फ्लोरिडातल्या कोणा बाईने विचारलं. अख्ख्या म्हैसुरात एकट्या ताराने विचारलं नाही. का रडलात, एवढे दोन शब्द. विचारलं असतं तर आपण सांगितलं नसतंच, पण विचारायला काय हरकत होती? इतक्या वर्षांच्या संसारात आपण हिला केसरीबाताइतकेच उरलो का? तो दुखावला गेला, आणि ते कोणाला सांगता येत नव्हतं म्हणून जास्तच दुखावला गेला. स्कूटर थांबली तेव्हा ताराने मागे वळून पाहिलं आणि पर्समधून थेंबांची बाटली काढून त्याच्या हातात ठेवली.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, ऋचाचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी तिचा नवरा अनुरागही बसला होता. "आई, बाबा, दोघंही समोर बसा," ऋचा म्हणाली आणि तिने बातमी सांगितली. तिसरा महिना पुरा झाला, सगळं नीट आहे.

"अगं बाई!" तारा दोन्ही हात तोंडावर धरून ओरडली. "खरंच? अहो, ऐकलंत का? मला तर काही कल्पनाच नव्हती! अहो, तुम्ही का गप्प?"

"मलाही कल्पना नव्हती," उपेंद्र म्हणाला. ऋचाने फोनमधून त्याला हळूच डोळा मारला. मग ती थोडी थांबून म्हणाली, "आई, आता स्टेटस टाकलंस तरी चालेल हं. खरंच चालेल."

"बघू," तारा म्हणाली. "आधी तू नीट खा."

फोन बंद झाला. उपेंद्र खुर्चीत चोरासारखा बसला होता. बायको इतकी आनंदाने थरथरते आहे आणि आपण हा आनंद दीड महिना एकट्याने चोरून खाल्ला, तोही साखर घातलेला. त्याला राहवेना.

"तारा, एक सांगायचंय. मला आधीच माहीत होतं. ऋचाने शपथ घातली होती. त्या दिवशी हॉटेलात…"

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. पहिल्या दिवशीच." ती दोडका घेऊन शिरा काढायला बसली. "तुम्हाला दुःख झालं की तुम्ही खात नाही. कराडची नोकरी गेली तेव्हा आठवडाभर ताकावर होता. तुमचे काका गेले तेव्हा चहासुद्धा घेतला नाहीत. गोड पुढ्यात घेऊन रडताना तुम्हाला मी एकदाच पाहिलंय. ऋचा झाली तेव्हा. दवाखान्याच्या पायरीवर बसून लोकांना वाटायचे पेढे एकटेच खात होता आणि रडत होता. मी वरच्या खिडकीतून बघत होते. मिशीला तेव्हाही लागलं होतं."

उपेंद्रने नकळत मिशी पुसली. "मग ती नळी?"

"मीच पसरवली. तुम्ही एका केसरीबातासाठी तिघांना तीन कारणं दिलीत. असं दोन दिवस आणखी चाललं असतं तर सुष्मावहिनींनी बारशाची तारीखच काढली असती."

"आणि मला विचारलंही नाहीस!"

"विचारलं असतं तर तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं. माझ्याशी. ते तुम्हाला जमलं नसतं, आणि मग तिची शपथ मोडली असती." ताराचा हात थांबला. "तिने मला नाही सांगितलं ते बरोबरच केलं. वाईट वाटलं मला. खूप वाटलं. पण मागच्या वेळी माझ्यामुळे तिला किती जणांना उत्तरं द्यावी लागली. तेव्हा ठरवलं, या वेळी ती सांगेल तेव्हाच मला कळेल. आजच कळलं मला. कळलं का?"

उपेंद्रला कळलं. ज्या बाईच्या पोटात पडवळसुद्धा दुपारपर्यंत राहत नाही, तिने ही एवढी मोठी गोष्ट दीड महिना ठेवली होती, आणि आपण, गळती शोधणारे, तिच्या शेजारी झोपत होतो. त्याने दुसरा दोडका घेतला आणि शिरा काढायला लागला.

दुपारी जेवणाआधी ताराने फोन घेतला. उपेंद्र श्वास रोखून पाहत राहिला. तिने कढईतल्या भाजीचा फोटो काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'आज दोडका. तीळकूट घालून.' बस, एवढंच.

उपेंद्र आपला फोन घेऊन बाल्कनीत गेला. तो दोडका त्याने बराच वेळ पाहिला. त्यानंतर, आयुष्यात पहिल्यांदा, त्या करड्या डोक्याने भर ग्रुपमध्ये, सगळ्यांच्या देखत, बायकोच्या दोडक्यावर एक लाल बदाम उमटवला.

दोन मिनिटांत दाराची घंटा वाजली. नरसिंहमूर्ती चप्पल न घालताच वर आले होते. हातात फोन, चेहऱ्यावर चिंता. मागे जिन्यात आणखी दोन बिऱ्हाडं थबकली होती.

"सार, बदाम तुम्हीच टाकलात अल्वा? घरी सगळं ठीक आहे ना? काही झालं काय?"

"काही नाही," उपेंद्र म्हणायला गेला, पण त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मूर्ती घाबरून एक पायरी खाली उतरले.

आतून पोळी लाटता लाटता तारा ओरडली, "अहो, थेंब घाला आधी! आणि मूर्तींना आत बोलवा, शिरा केलाय."